जळायला काय होतं?

माझं काम जळालेलं मोजण्याचं. विमा कंपन्यांच्या वतीनं आगीच्या नुकसानीची पाहणी करायची. काय होतं, काय गेलं, काय उरलं ते लिहायचं. सोलापुरात हे काम म्हणजे बहुतेक वेळा यंत्रमागाचं शेड, टॉवेलचं गोदाम, सुताच्या गाठी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सकाळी पोचावं तर बंबाच्या पाण्यानं भिजलेल्या कापडाचा करपट, ओला वास येतो. शर्ट दोनदा धुतला तरी तो जात नाही.

पंचनाम्याला जमलेल्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, आग लागली कशी? शॉर्टसर्किट, बिडी, की कोणी लावली? मीही तो विचारतो, माझ्या फॉर्मवर त्यासाठी रकाना आहे. पण इतक्या वर्षांच्या सवयीनं माझी मान आधी वर जाते, पत्र्याखालच्या, छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांकडे. तिथं रुईची पांढरी लव साचलेली असते. शेजारच्या न जळलेल्या शेडमध्ये जाऊन बोट फिरवलं की कळतं, बोटभर जाडीचा थर आहे. ठिणग्या काय, जुन्या मोटारींतून रोज उडतात आणि रोज विझतात. ज्या दिवशी कैच्यांवर लव दाटलेली असते आणि हवेत ओलावा नसतो, त्या दिवशी त्यातलीच एखादी अख्खं शेड घेऊन जाते. म्हणून मी दुसरा प्रश्न धरून बसतो. जळायला काय होतं, आणि ते किती सुकलेलं होतं?

हा प्रश्न घेऊन मी पहिल्यांदा माळावर उभा राहिलो तो २०२१च्या मार्चमध्ये.

बार्शी रोडनं नान्नजकडे निघालं की अलीकडेच आत वळून माझ्या आत्याचं गाव आहे. गावाचं गायरान, त्याला लागून वनखात्याचं कुरण, आणि कुरणाच्या बांधाला आत्याचं रान. त्या दिवशी चारच्या सुमारास तिचा फोन आला. ती फोनवर कधी ओरडत नाही, तेव्हाही ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "जाळ लागलाय कुरणाला. वारं हिकडंच हाय. येतूस का?"

पोचलो तेव्हा जाळाची एक वाकडीतिकडी रेघ माळावरून सरकत होती. गुडघाभर उंच, कुठं गवताचा थोंब लागला की कमरेपर्यंत. धूर मी आयुष्यभर पाहिलाय, पण मोकळ्या माळावरच्या आगीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कढईत एकदम मूठभर मोहरी पडावी तसा तडतडाट, आणि तो थांबतच नाही. जाळाच्या पुढं पुढं टोळ उडत होते आणि त्यांच्यावर कोतवाल आणि घारी झेपावत होत्या. गावातली पंधरा-वीस माणसं लिंबाचे हिरवे डहाळे घेऊन भिडली होती. मीही एक डहाळा ओरबाडून घेतला आणि जाळावर सपासप आपटायला लागलो. शेजारी एक वयस्कर वनमजूर होते. त्यांनी माझा हात धरला. "आपटू नका साहेब, ठिणग्या पुढं उडतात. दाबा अन् आपल्याकडं ओढा. अन् हिकडं या, काळ्यात उभं ऱ्हावा." काळ्यात, म्हणजे जळून गेलेल्या बाजूला. तिथं पुन्हा जळायला काही नसतं, म्हणून तीच सगळ्यात सुरक्षित जागा. माझा दुसरा प्रश्न त्या माणसाच्या पायांना ठाऊक होता.

तासाभरानं जाळ आत्याच्या नांगरलेल्या पट्टीला येऊन थांबला. कडब्याची गंज वाचली. अंधार पडायच्या आधी मी काळ्या माळावर थोडा फिरलो. राख पावलाखाली भुरभुरत होती, तिला पापुद्र्याचंही वजन नव्हतं. खाली बसलो आणि जळालेल्या गवताच्या एका बुडख्याशेजारी बोट खुपसलं. वरची माती कोमट होती. पेरभर खाली ती गार होती. अगदी नेहमीसारखी गार. जाळ इतक्या झपाट्यानं पुढं गेला होता की जमिनीला त्यानं नीट शिवलंही नव्हतं. गवताचा जीव त्याच्या बुडात, मातीच्या आडोशाला असतो. वर जळालं ते त्याचं वाळलेलं अंग. कुसळी, पवन्या, मारवेल ही आपल्या माळावरची गवतं आगीला सरावलेली आहेत. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर त्याच जागी हिरवा कोंब आला आणि काळवीट आधी तिथंच चरायला उतरले.

पण त्या संध्याकाळी मला छळत होता तो हिशोब वेगळा होता. एवढं गवत आलं कुठून? दोनच वर्षांपूर्वी, २०१९च्या मार्चमध्ये, मी याच गायरानावर आलो होतो. २०१८चा पाऊस दगा देऊन गेला होता, जिल्ह्यात चारा छावण्यांची मागणी सुरू झाली होती. माळावर जनावरांनी दातांनी खरडलेली माती सोडली तर काही नव्हतं. तेव्हा इथं कुणी पेटती मशाल टाकली असती तरी ती जागेवर विझली असती. मग २०२०चा ऑक्टोबर आला. परतीच्या पावसानं भीमेला पूर आणला, पंढरपुरात पाणी शिरलं, सोयाबीन जागेवर कुजलं. शेतकरी रडला. माळ मात्र छातीपर्यंत वाढला. पुढच्या मार्चमध्ये पेटलं ते त्या ऑक्टोबरचं पाणी होतं.

हे कळल्यावर वणव्यांबद्दलच्या बातम्या मी वेगळ्या वाचायला लागलो. आपल्या मनात एक सरळ गणित असतं, ऊन वाढलं की आगी वाढणार. सोलापूरच्या माळावर ते गणित चालत नाही. इथं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उन्हाळा तर दरवर्षीच कडक. पारा ४२ ला गेला काय आणि ४४ ला गेला काय, वाळायचं ते गवत एप्रिलच्या आधीच वाळलेलं असतं. आमच्याकडे कमतरता असते ती जळणाची. चांगल्या पावसाच्या वर्षामागून येणारा उन्हाळा आगीचा, दुष्काळामागून येणारा उन्हाळा नुसता भुकेचा. दाट जंगलात याच्या उलट. तिथं जळायला लाकूड-पाला कायमच भरपूर असतो, पण तो ओला असतो. तिथं कुलूप ओलाव्याचं, आणि ते उघडतो दुष्काळ. एकच तापमानवाढ, पण तिला दोन भूमींत दोन वेगळी दारं सापडतात.

तापमानवाढ करते काय, हे समजायला सोलापूरकराला फार लांब जायला नको. मागावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, एप्रिलमध्ये सूत का तुटतं? हवा कोरडी पडली की ती सुतातलं पाणी शोषते. म्हणून शेडमध्ये फरशीवर पाणी मारतात, फवारे लावतात. हवेची ही तहान तापमानाबरोबर वाढते. हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद साधारण ७ टक्क्यांनी वाढते. समुद्रावरून आलेल्या हवेला भरपूर पाणी मिळालं तर ती ते जास्त धरते आणि जास्त जोरानं ओतते. पाणी मिळालं नाही तर तीच हवा पानातून, गवतातून, मातीतून ते ओढून घेते. आमचा माळ या दोन्हीमध्ये सापडला आहे. ऑक्टोबरात धो-धो, आणि फेब्रुवारीतच हवा तहानलेली. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात साधारण ०.७ अंशानं वाढलं. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण बोटभर लव कैचीवर साचायला फार मोठं कारण लागत नाही, हे मी रोज पाहतो.

२०१९ सालाकडे मला सारखं वळावंसं वाटतं. त्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेचा महापूर आला, सांगली आणि कोल्हापूर पाण्यात गेलं. माझे सहकारी महिनाभर तिकडेच होते, मीही आठ दिवस गेलो. कपाटांतून चिखल काढणारी माणसं, भिंतीवर पाण्याची रेघ. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलिया पेटला. त्या देशाच्या नोंदीतलं ते सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडं वर्ष होतं. निलगिरीची जंगलं, एरवी ओलसर राहणाऱ्या दऱ्यासुद्धा, जळाली. तीन हजारांच्या घरात घरं गेली. दोन्ही बातम्या मी वेगवेगळ्या फाइलींत ठेवल्या होत्या. नंतर वाचलं की त्या वर्षी हिंदी महासागराचा तराजू एका बाजूला फार कलला होता. आफ्रिकेकडचा भाग नेहमीपेक्षा गरम, इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियाकडचा थंड. हा तराजू असा कलला की आपल्याकडच्या मोसमी पावसाला बळ मिळतं आणि तिकडचा पाऊस आटतो. आपला पाऊस त्या वर्षी सरासरीच्या ११० टक्के झाला. एकच समुद्र, एकाच वर्षी एका किनाऱ्याला बुडवत होता आणि दुसऱ्याला वाळवत होता. तराजूचं हे वरखाली होणं जुनंच आहे. पण खालची जमीन आता जास्त तापलेली आहे, आणि त्या वणव्यांना लागणारं हवामान तापमानवाढीमुळे किमान ३० टक्क्यांनी अधिक शक्य झालं होतं, असं शास्त्रज्ञांनी नंतर मोजलं.

ऑस्ट्रेलियाचं जंगल ओलाव्याच्या कुलपाचं. आमच्या माळाचं खरं भावंड मला सापडलं ते अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या डोंगरांवर. जानेवारी २०२५मध्ये तिथं आग लागली तेव्हा टीव्हीवर नट-नट्यांचे बंगले दाखवत होते. मी बंगल्यांमागचे उतार बघत होतो. झुडपांचे, गवताचे, वाळून पिवळे पडलेले उतार. त्याआधीचे दोन हिवाळे तिथं पाऊस चांगला झाला होता. तिकडे पावसाळा हिवाळ्यात असतो. झुडपं माजली. मग २०२४च्या मेपासून थेंब म्हणावा असा पाऊस नाही, आणि ज्या महिन्यात रान भिजायला हवं त्या जानेवारीत वाळवंटाकडून सांता आना नावाचे कोरडे वारे सुटले. १६,००० वर बांधकामं जळाली. आधी ओलं, मग सुकं, मग वारा. आत्याच्या कुरणातला क्रम तोच होता, फक्त आत्याच्या कुरणाशेजारी शहर नव्हतं.

आणि लहैना. हवाई बेटांवरच्या त्या गावाबद्दल वाचताना मी दोनदा थांबलो, कारण ती गोष्ट उसाची आहे. तिथं शंभरावर वर्षं उसाचे मळे होते, साखर कारखाना होता. १९९९मध्ये कारखाना बंद पडला. ओलिताखालची जमीन पडीक झाली आणि तिच्यात बाहेरून आणलेली आफ्रिकी गवतं पसरली. त्यातलं एक गिनी गवत. तेच, जे आपण म्हशींसाठी बांधावर लावतो. पाऊस झाला की ते माणसाच्या उंचीचं होतं आणि सुकलं की नुसती वात. ८ ऑगस्ट २०२३ला वादळी वारा सुटला, विजेच्या तारा पडल्या, आणि एका दुपारीत गाव गेलं. शंभरच्या आसपास माणसं गेली. साखर कारखाने आमच्या जिल्ह्याइतके महाराष्ट्रात दुसऱ्या जिल्ह्यात नाहीत. आमचा ऊस आज उजनीच्या आणि बोअरच्या पाण्यावर उभा आहे. ते पाणी उद्या पुरलं नाही तर त्या जमिनीवर काय उगवेल, हा विचार मी लहैनाच्या आधी कधी केला नव्हता.

जवळचं बघायचं तर गोवा. २०२३चा फेब्रुवारी हा दिवसाच्या कमाल तापमानाच्या १९०१पासूनच्या नोंदीत देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि मार्चमध्ये म्हादईच्या जंगलात ठिकठिकाणी वणवे लागले. नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती. तीन-तीन हजार मिलिमीटर पावसाच्या त्या सह्याद्रीत! माझं मन तिथं जास्त कळवळतं. आमच्या माळाला आग पेलते. त्याची बांधणीच तशी आहे. त्या सदाहरित झाडांची साल पातळ, त्यांना आगीची सवय नाही. तिथं पालापाचोळा सरपटत सरपटत जळतो, गुडघ्याएवढ्याही ज्वाला नसतात, आणि तरी झाड बुडाशी शिजतं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मरतं. फोटोत ती आग किरकोळ दिसते. माळावरची भयंकर दिसते. नुकसान नेमकं उलट.

उत्तराखंडात जळतात त्या चीडाच्या, म्हणजे पाइनच्या, वाळलेल्या सुया, तिकडच्या बोलीत पिरूळ. बंडीपूरला २०१९च्या फेब्रुवारीत घाणेरीचं माजलेलं रान. कॅनडात २०२३च्या उन्हाळ्यात दीड कोटी हेक्टरहून जास्त जंगल गेलं, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास निम्म्याइतकं. त्याच्या धुरानं न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं. इंडोनेशियात २०१५ला खुद्द जमीनच पेटली. दलदलीतली, कुजलेल्या झाडपाल्याची माती ताडतेलाच्या मळ्यांसाठी चर खोदून निथळून काढलेली. एल निनोनं पाऊस लांबवला आणि ती आतल्या आत आठवडेच्या आठवडे धुमसत राहिली. तिथं मी मातीत बोट खुपसलं असतं तर ते भाजलं असतं. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निराळं, म्हणून एकाच तापमानवाढीचा परिणाम निराळा. 'जग पेटलंय' अशी एका ओळीची बातमी मला म्हणूनच अपुरी वाटते.

एका गोष्टीनं तर मी चकितच झालो. उपग्रहांनी मोजलेलं जगातलं एकूण जळणारं क्षेत्र १९९८ ते २०१५ या काळात जवळपास पाव हिश्श्यानं घटलं. घटलं! जंगलांतल्या मोठ्या आगी भीषण होत असताना एकूण बेरीज उतरत होती, कारण जगात सर्वांत जास्त जळतात ती आफ्रिकेतली गवताळ रानं, आणि ती नांगराखाली जात होती. शेतं झाली, रस्ते झाले, आगीला सलग जागा राहिली नाही.

हे वाचलं आणि मला नान्नज आठवलं. माळढोक पक्ष्यासाठी तिथं १९७९मध्ये अभयारण्य झालं तेव्हा कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, पुढं ते १,२२२ वर आलं. कागदाचं सोडा. मी शाळेत असताना बार्शी रोडच्या दोन्ही अंगांना जिथं माळ होता तिथं आज ऊस, द्राक्ष, प्लॉटिंगचे दगड. वणवे कमी झाले, खरंय. जळायला माळच उरला नाही. माळढोक दिसणं ही आता वर्तमानपत्रात छापायची गोष्ट झाली आहे. आणि जे तुकडे उरलेत तिथल्या आगीचा अर्थ बदलला. पूर्वी हजार एकरातले दोनशे जळाले तर लांडगा, खोकड, ससा शेजारच्या आठशे एकरांत सरकत. आज दोनशेच एकर आहेत, चारी बाजूंना कुंपण आणि डांबरी. त्यातले दोनशे जळाले तर धाविकानं अंडी घालायची कुठं आणि चंडोलानं लपायचं कुठं? शिवाय मधे मधे हिरवळ वाढवायची म्हणून गिरिपुष्पाची झाडं लावली. गवत मिनिटात जळून जातं, खोडं मात्र दोन-दोन दिवस धुमसतात, आणि त्यांच्याखालची माती पेरभर खोलही गार राहत नाही. त्याच कुरणात मी ते हातानं तपासलंय. माळावर झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण माळ म्हणजे ओसाड जमीन, ही समजूत मला आता सहन होत नाही.

उसाची आगही घरात आली. २०२४च्या डिसेंबरात माझ्या आतेभावाचा दोन एकर ऊस तासाभरात जळाला. रानावरून गेलेल्या विजेच्या तारा लोंबकळत होत्या. त्यानं तीनदा अर्ज दिला होता, पोचपावत्या माझ्याकडे आहेत. वारं सुटलं, तारा घासल्या, ठिणग्या खाली. जळीत ऊस लवकर तोडला नाही तर वजन उतरतं, साखर उतरते, आणि कारखाना जळीत म्हणून दरात कपातही करतो. दिवसरात्र ऊसतोडीच्या टोळ्यांच्या मागं धावत तो अर्धा झाला. विमा नव्हता. माझ्या आतेभावाचा विमा नव्हता, आणि मी हेच काम करतो! त्या रात्री बांधावर बसून त्यानं मला विचारलं, "तार त्यांची, ठिणगी त्यांची, मग माझा ऊस का जळाला असा?" मी उत्तर दिलं नाही. पण मी बघत होतो, जळालेल्या उसाशेजारच्या पट्टीत खालचं वाळलेलं पाचट काढलेलं नव्हतं. यंदा तोडणीनंतर त्यानं पाचट पेटवलं नाही, सरीत कुट्टी करून पसरलं. जमिनीला ओल राहिली, खोडवा चांगला फुटलाय. तारा अजून लोंबतायत.

सोलापुरात कानावर कन्नड असतंच. बेंकी म्हणजे आग, हा शब्द मला लहानपणापासून माहीत. पण 'तरगु बेंकी' मी अलीकडे शिकलो. दक्षिण कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनच्या डोंगरातले सोलिग लोक थंडी सरता सरता, रानात अजून ओल असताना, पालापाचोळ्याला बारीक आग देत. पाचोळ्याची आग, तरगु बेंकी. ती अंगणात झाडू मारल्यासारखी फिरायची आणि विझायची. १९७०च्या दशकात तिथं अभयारण्य झालं, आगीवर बंदी आली. पाचोळा साचत गेला, घाणेरी माजली, आणि आता लागते ती आग मोठी असते. सोलिगांनी हे वर्षानुवर्षं सांगितलंय. मला त्यांचं म्हणणं पटतं, कारण कैचीवरची लव दर आठवड्याला झाडणारा जो मालक असतो त्याच्याकडे मला कधी जावं लागलेलं नाही. वनखातंही जाळरेषा काढतं, गवत अजून पुरतं वाळायच्या आत पट्टे जाळून घेतं. पण हे करायचे दिवस अरुंद होत चाललेत. पाऊस ऑक्टोबर ओलांडून रेंगाळतो तोवर गवत पेटत नाही, आणि मग एकदम इतकं सुकतं की पेटवायची भीती वाटते.

२०२५ साली मेमध्येच पाऊस आला. सप्टेंबरात सीनेला पूर आला, माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली, पुण्याचा हायवे बंद पडला. पुढचे दोन महिने मी ओल्या नुकसानीच्या पाहण्या करत होतो. पण प्रत्येक वेळी गाडी माळाजवळून गेली की नजर गवतावर जायची. छातीच्या वर. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर गर्दीत उभा होतो. होमानंतर भाकणुकीसाठी वासरू आणतात, ते काय खातं, शांत राहतं की बिथरतं यावरून पावसापाण्याचा अंदाज सांगतात. लहानपणापासून हात जोडून मी एकच ऐकायला उभा राहायचो, पाऊस पडेल का? यंदा मनात आलं ते पडून गेलेल्या पावसाचं.

फेब्रुवारीच्या अखेरीस आत्याचा फोन आला. "गवात वाजायलंय रं." सुकलेलं गवत वाऱ्यानं एकमेकांवर घासलं की वाजतं, तिला घरात बसून ते ऐकू येतं. मी मार्चच्या पहिल्या रविवारी गेलो. गावातल्या पोरांनी वर्गणी काढून ट्रॅक्टर लावला होता. गायरानाच्या कडेनं, गवत आणि रानं यांच्यामधून, आठ-दहा हात रुंदीचा पट्टा नांगरत न्यायचा. तेच वनमजूर, आता निवृत्त, काठी टेकत पुढं चालत दिशा दाखवत होते. मी मागून ढेकळांत अडकलेलं गवत वेचून बाहेर टाकत होतो, कारण पट्ट्यात दोन हात गवत उरलं तरी जाळ त्याचा पूल करतो.

अर्ध्या वाटेत त्यांनी काठी आडवी धरली. ट्रॅक्टर थांबला. समोर टिटवी केकाटत घिरट्या घालत होती. शोधायला पाच मिनिटं लागली, इतकी ती मातीच्या रंगाची. चार अंडी, टोकं आत करून, उघड्या खड्यांत. ट्रॅक्टरवाला पोरगा म्हणाला, काका, पट्टा तुटला तर जाळ इथनंच येणार. काका काही बोलले नाहीत, त्यांनी काठीनं अंड्यांच्या बाहेरून एक अर्धा गोल ओढला. पोरानं ट्रॅक्टर मागं घेतला आणि त्या रेघेवरून वळवला. आतल्या तेवढ्या जागेतलं गवत आत्यानं विळा घेऊन, उकिडवं बसून, मुठीमुठीनं कापून काढलं. टिटवी तिच्या डोक्यावरून ओरडत होती. आत्या खाली मान घालून कापत होती.